मोबाइलवर फोटोची चौकट कशी बांधायची: नवख्यांसाठी कंपोझिशन

लग्नात, ट्रेकला, गावच्या जत्रेत काढलेले फोटो घरी येऊन बघावेत, तर बहुतेकांची एकच रड असते: फोटोत सगळं आहे, पण नेमकं काय बघायचं तेच कळत नाही. देवळाचा कळस आहे, त्याला छेदणारी विजेची तार आहे, कडेला कुणाचा तरी कोपर आहे आणि खालचा निम्मा फोटो नुसत्या फरशीचा आहे. महागातला फोन घेतला म्हणून हे सुटत नाही. आजचे साधे फोनसुद्धा फोकस, उजेड, रंग बऱ्यापैकी सांभाळतात. कुठे उभं राहायचं आणि चौकटीबाहेर काय ठेवायचं, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं. या ठरवण्यालाच कंपोझिशन म्हणतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नियमांची यादी पाठ करणाऱ्यांपेक्षा, बटण दाबण्याआधी चार पावलं इकडे-तिकडे हलणाऱ्यांचे फोटो लवकर सुधारतात. खाली नियमही येतील, पण पायांच्या मागून.

आधी फोन तयार करा

लेन्स पुसा. खिशातला घाम आणि बोटांचा तेलकटपणा लेन्सवर साचतो आणि मग दिव्यांभोवती धूसर वलयं येतात, उन्हातले फोटो पांढुरके दिसतात. मऊ सुती कापड पुरतं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा. आयफोनमध्ये ते फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा या विभागात सापडतं, अँड्रॉइडमध्ये सहसा कॅमेरा अ‍ॅपच्याच सेटिंगमध्ये. पडद्यावर दोन आडव्या, दोन उभ्या रेषा दिसू लागतील. फोटोत त्या उमटत नाहीत. लेव्हलची, म्हणजे फोन तिरका झाला की दाखवणारी सोय असेल तर तीही चालू करा. समुद्र एका बाजूला सांडल्यासारखा दिसणं त्याने थांबतं.

फोटोचा आकार, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण, 4:3 ठेवा. बहुतेक फोनचा सेन्सरच (चित्र टिपणारा भाग) त्या आकाराचा असतो. 16:9 निवडलं की फोन सेन्सरवरच्या चित्राची कड कापून फोटो देतो. पुढे काय कापायचं ते आपण ठरवू, आत्तापासून फोनला कशाला कापू द्यायचं?

शेवटचं म्हणजे पडद्यावर बोट टेकवून फोकस करायची सवय लावा. बोट तसंच दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते वरखाली सरकवून फोटो उजळ किंवा गडद करता येतो. हे पुढे उजेडाच्या भागात लागणार आहे.

फोटो कशाचा आहे, ते एका वाक्यात म्हणा

हे मनातल्या मनात करायचं. ‘अलिबागचा किनारा’ एवढ्याने भागत नाही. ‘ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालेली माणसं’ असं म्हटलं की काम सोपं होतं. या वाक्यात तीन गोष्टी आहेत: किल्ला, चालणारी माणसं आणि पाणी ओसरलेली ओली वाळू. चौकटीत या तिन्ही हव्यात. भेळेची गाडी, किनाऱ्यावर उभ्या केलेल्या मोटारी, तुमच्याच ग्रुपच्या चपलांचा ढीग, यातलं काहीच वाक्यात नाही, म्हणजे ते चौकटीत नको.

वाक्य जमत नसेल तर फोटो काढू नका असं मी म्हणणार नाही, फोनमध्ये जागा भरपूर असते. पण अशा वेळी नक्की काय आवडलं म्हणून आपण थांबलो, ते स्वतःला विचारावं. अनेकदा उत्तर सगळ्या दृश्यात नसतं, एका कोपऱ्यात असतं. पूर्ण बाजार आवडलेला नसतो, हळदीच्या ढिगावर पडलेली उन्हाची तिरीप आवडलेली असते. मग तेवढाच फोटो काढा.

बटणाआधी चार कडा

आपले डोळे मधल्या गोष्टीवर खिळलेले असतात, त्यामुळे कडांना काय चाललंय ते दिसत नाही. बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवा. अर्धी बादली, कापलेला हात, कुणाच्या तरी पाठीवरची सॅक असं काहीतरी हमखास सापडतं. अर्धा पाऊल सरकलं की बहुतेक वेळा ते बाहेर जातं.

मग माणसाच्या डोक्यामागे बघा. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कानातून निघालेली फांदी, मानेला आडवी कापणारी क्षितिजाची रेषा, हे दोष प्रत्यक्ष बघताना जाणवत नाहीत, कारण आपल्याला दोन डोळ्यांमुळे अंतर कळतं. फोटो सपाट असतो, त्यात खांब थेट टाळूवर येऊन बसतो. क्षितिज मानेवर येत असेल तर फोन थोडा वर किंवा खाली घ्या, म्हणजे ती रेषा डोक्याच्या वर जाईल किंवा खांद्याच्या खाली.

उभं राहायची जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जागा बदलण्याचे तीन प्रकार आहेत: उंची, बाजू आणि अंतर.

जवळजवळ सगळे फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले असतात, म्हणून ते एकसारखे दिसतात. लहान मुलाचा फोटो त्या उंचीवरून काढला की मोठं डोकं आणि बारके पाय येतात, आणि मागे फरशी. खाली बसा, फोन मुलाच्या डोळ्यांसमोर आणा, मागची फरशी जाऊन खोली दिसू लागते. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स वापरत. तो कॅमेरा कमरेजवळ धरून वरून काचेत बघायचा असतो, त्यामुळे चित्र आपोआप खालच्या उंचीवरून येतं. मोबाइलवालाही हे करू शकतो: फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीजवळ जाते. पावसाळ्यात रस्त्यातल्या डबक्याला लेन्स जवळजवळ टेकवली, तर हातभर डबक्यात समोरचं अख्खं देऊळ उलटं दिसतं.

उंची वाढवण्याचाही उपयोग होतो. रांगोळी, मिसळीचं ताट, पंगत, आठवडे बाजार, या गोष्टी जमिनीवर पसरलेल्या असतात, त्यांचा आकार वरून कळतो. वेरूळचं कैलास लेणं हे याचं मोठं उदाहरण. आत उभं राहून फोटो काढला की भिंती आणि खांब येतात, पण अख्खं देऊळ वरून खाली डोंगरातून कोरून काढलंय, हे बाजूच्या टेकाडावर चढून खाली बघितल्याशिवाय फोटोत येत नाही.

अंतराबद्दल एक समजूत आधी काढून टाकली पाहिजे. पुढे चालत जाणं आणि झूम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनचा मुख्य कॅमेरा बराच वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारा असतो, साधारण 24 ते 26 मिलिमीटरचा (लेन्सचा हा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद). वाइड लेन्स जवळच्या वस्तू फुगवते आणि लांबच्या बारीक करते. म्हणूनच तोरण्यावर मित्राला जवळ उभं करून काढलेल्या फोटोत मित्र भला मोठा आणि मागचा राजगड चिमुकला येतो, प्रत्यक्षात तो केवढा भरून दिसत असतो तरीही. यावर उपाय असा: मित्राला तिथेच उभा ठेवा, तुम्ही मागे चालत जा, काही पावलं, मागे कडा नाही हे बघून. मग 2एक्स किंवा 3एक्सची लेन्स लावा. मित्र पूर्वीएवढाच दिसेल, पण राजगड मागे उचलून आणल्यासारखा मोठा होईल. पायांनी अंतर बदललं की पुढच्या-मागच्या गोष्टींचं प्रमाण बदलतं. नुसत्या झूमने ते बदलत नाही, चित्र फक्त कापलं जातं.

चेहऱ्यालाही हेच लागू. मुख्य कॅमेरा चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर धरला की नाक मोठं आणि कान गायब होतात. चार-पाच फूट मागे जा, 2एक्स लावा. हे जवळपास 50 मिलिमीटर होतं, आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँसारख्या नामवंत फ्रेंच छायाचित्रकाराने आयुष्यभराचं बहुतेक काम याच 50 मिलिमीटरच्या लेन्सवर केलं. बोटांनी पडदा ताणून 7.4एक्स वगैरे करण्यात मात्र काही राम नाही. फोनने दिलेल्या लेन्सच्या बटणांवरच थांबा.

तीन भागांचा नियम, त्याच्या लायकीएवढा

आता ग्रिड. महत्त्वाची गोष्ट बरोबर मध्ये न ठेवता एक तृतीयांशावरच्या रेषेवर, किंवा जिथे दोन रेषा छेदतात त्या बिंदूवर ठेवा, असा हा रूल ऑफ थर्ड्स. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी 1797 मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना त्याला हे नाव दिलं, म्हणजे कॅमेरा लोकांपुढे येण्याच्या चाळीसेक वर्षं आधी.

नियम उपयोगी पडतो तो मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं क्षितिज. आकाश नाट्यमय असेल, ढग भरून आले असतील, तर क्षितिज खालच्या रेषेवर ठेवा. आकाश कोरं पांढरं असेल आणि खाली भाताची खाचरं असतील तर वरच्या रेषेवर. दुसरं ठिकाण म्हणजे माणसाची नजर. माणूस ज्या बाजूला बघतोय किंवा चालतोय, त्या बाजूला जास्त जागा सोडा. उजवीकडे पळणाऱ्या मुलाला चौकटीच्या उजव्या कडेला चिकटवलं तर तो आता भिंतीवर आपटणार असं वाटतं.

याहून जास्त महत्त्व या नियमाला देऊ नये, असं माझं मत आहे. प्रत्येक माणूस, प्रत्येक झाड, प्रत्येक चहाचा कप डावीकडच्या तृतीयांशावर नेऊन ठेवणारे अल्बम बघून कंटाळा येतो.

मध्ये ठेवायचं तर नीट मध्ये

काही जागा मधोमध फोटो काढण्यासाठीच बांधल्यासारख्या असतात. कार्ल्याच्या चैत्यात आत गेलं की दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा, वर कमानदार छताच्या लाकडी फासळ्या आणि टोकाला स्तूप. इथे तृतीयांश विसरा. स्तूपाच्या समोर, दोन रांगांच्या बरोबर मध्ये उभं राहा. हातभर डावीकडे सरकलात तरी एका बाजूचे खांब जाड दिसतात आणि सगळा तोल जातो. ग्रिडच्या दोन उभ्या रेषांपासून दोन्हीकडच्या खांबांचं अंतर सारखं आहे का बघा. फोन वर कलवू नका, नाहीतर खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकतात. छत येत नसेल तर मागे सरका, किंवा अल्ट्रावाइड (फोनची सगळ्यात रुंद लेन्स) लावून फोन सरळच ठेवा. अशी चौकट थोडीशी चुकलेली फार वाईट दिसते, त्यामुळे एकतर अगदी मध्ये उभं राहा, नाहीतर स्पष्टपणे बाजूला जा.

रेषा

रस्ता, कुंपण, रेल्वेचे रूळ, तटबंदी, शेताचे बांध अशा रेषा डोळ्याला ओढून नेतात. प्रश्न एवढाच, की कुठे नेतात? रेषेच्या टोकाला काहीतरी असायला हवं. लोहगडावरून विंचूकाट्याचा फोटो बहुतेक जण काढतात. त्या चिंचोळ्या सोंडेच्या टोकाशी दोन माणसं पोचेपर्यंत थांबलं, तर सोंड किती लांब आहे तेही कळतं आणि नजरेला थांबायला जागाही मिळते.

वळणाची रेषा सरळ रेषेपेक्षा निवांत असते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. रस्ता वळणावळणाचा आणि त्यावर दिंड्यांची रांग, भगव्या पताका. दरवर्षी छायाचित्रकार तिथे उंच जागा धरून का बसतात ते एक फोटो बघितला की कळतं. खाली वारकऱ्यांत उभं राहिलं की फक्त पाठी दिसतात, रेषा दिसायला उंची लागते. मुंबईत मरीन ड्राइव्हचं तसंच: कट्ट्यावरून तो जवळपास सरळ दिसतो, मलबार हिलवरून त्याची कमान उलगडते.

रेषा कोपऱ्यातून सुरू झाली तर बरी दिसते. अगदी कोपऱ्याच्या टोकातूनच हवी असा हट्ट नको.

चौकटीतली चौकट, आणि रिकामी जागा

किल्ल्याचा दरवाजा, वाड्याची खिडकी, वडाच्या पारंब्या, एसटीची खिडकी, यांतून पलीकडचं दृश्य काढता येतं. छायाचित्रकार रघुवीर सिंह यांनी अ‍ॅम्बॅसडर मोटारीची दारं, काचा आणि आरसे चौकटीसारखे वापरून भारताचे फोटो काढले, ते जरूर शोधून बघा. नवख्यांसाठी एकच सूचना: बाहेरच्या उजळ भागावर बोट टेकवून फोकस करा, म्हणजे दरवाजा आपोआप काळा पडेल. दरवाजावर टेकवलंत तर बाहेरचं सगळं पांढरं होऊन जातं.

रिकाम्या जागेची आपल्याला उगाच धास्ती असते. वारली चित्र आठवा. गेरूने सारवलेली भिंत, त्यावर तांदळाच्या पिठाच्या बारीक पांढऱ्या आकृत्या, आणि मधली मोकळी गेरू जमीन आकृत्यांइतकीच कामाची. पावसाळ्यात घाटात धुकं उतरतं तेव्हा असे फोटो सहज मिळतात: सगळं करडं, आणि खालच्या कोपऱ्यात इरलं घेतलेला एक शेतकरी. त्याला झूम करून मोठा करू नका. तो लहान आहे म्हणून तर धुकं मोठं वाटतंय.

याच्या उलट, डोंगरदऱ्यांचे फोटो स्वच्छ हवेत सपाट येतात, कारण जवळ काहीच नसतं. कड्यावरून दरी काढताना पायाजवळची एखादी कातळाची कड, गवताची पाती, बसलेला माणूस चौकटीच्या खालच्या भागात घ्या. पुढे काहीतरी, मध्ये काहीतरी, मागे काहीतरी असं झालं की खोली येते.

उजेड कुठून येतोय ते आधी बघा

उजेडाला लोक वेगळा विषय समजतात. पण फोटोत नजर सगळ्यात आधी उजळ भागाकडे जाते, त्यामुळे उजेड कुठे पडलाय यावर चौकट ठरते.

मुंबई-पुण्यात मेच्या मध्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाची टोकं चकचकीत. अशा वेळी माणसांना सावलीत घ्या, दाराच्या किंवा मांडवाच्या अगदी कडेशी, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करून. घरात असाल तर खिडकीशी, खिडकी चेहऱ्याच्या एका बाजूला ठेवून. उकडीच्या मोदकाचा फोटोही याच खिडकीशी काढा. वरच्या ट्यूबलाइटमध्ये मोदक पांढरा गोळा दिसतो, कळ्या सपाट होऊन जातात. ट्यूबलाइट बंद करा, ताटली खिडकीशेजारी ठेवा, फोन मोदकाच्या उंचीवर आणा. बाजूच्या उजेडात प्रत्येक कळीची एक कड उजळते आणि दुसरीकडे सावली पडते. मोदक गरम असेल तर खिडकी मोदकाच्या मागे येईल असं फिरा, मागून आलेल्या उजेडात वाफ दिसते, समोरच्या उजेडात दिसत नाही. मागे गडद काहीतरी असेल तर आणखी छान.

वास्तूंचे फोटो काढायचे तर दिशा माहीत हवी. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दरवाजा दिवसभर सावलीत आणि मागचं आकाश भगभगीत. डिसेंबरच्या सुट्टीत आलेल्या पाहुण्यांचे फोटो म्हणूनच काळवंडलेले येतात. मे-जूनमध्ये सूर्य पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला उगवतो-मावळतो, तेव्हा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा दरवाजावर तिरपं ऊन पडतं आणि त्यावरचे लोखंडी खिळे उठून दिसतात. गेटवे ऑफ इंडियाचं समुद्राकडचं तोंड पूर्वेकडे. सकाळी चौकातून काढलात तर उजेड मागून येतो आणि कमानीची काळी आकृती मिळते; तीच हवी असेल तर उत्तम, सूर्याचं चिन्ह खाली सरकवून आणखी गडद करा. दगडाचा पिवळसर रंग हवा असेल तर चौकात दुपारनंतर या, किंवा सकाळी लाँचमधून समुद्राकडून काढा. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, तिथे दुपारनंतर जा. फक्त मंगळवारी जाऊ नका, त्या दिवशी ती बंद असतात.

एक फोटो, पायरीपायरीने

दादरच्या फुलबाजारात सकाळी जाऊन फुलवाल्या मावशींचा फोटो काढायचाय असं समजू. पहिल्यांदा फोन बाहेर काढूच नका. फुलं घ्या, बोला, मग विचारा: “मावशी, तुमचा एक फोटो काढू का?” नको म्हणाल्या तर नको. हो म्हणाल्या तर त्या लगेच ताठ बसतील, पदर सारखा करतील, कॅमेऱ्याकडे बघतील. तो एक फोटो काढा, त्यांना दाखवा. पाच मिनिटांत गिऱ्हाईक येतं आणि त्या आपल्या कामाला लागतात. खरा फोटो तिथून सुरू होतो.

वाक्य काय? ‘गोंड्याच्या ढिगामागे हार ओवणाऱ्या मावशी.’ म्हणजे हात, सुई-दोरा, चेहरा आणि गोंडा हवेत. उभ्याने बघितलं तर मावशींचं डोकं आणि मागे रस्त्यावरचा कचरा दिसतो. उकिडवे बसा. आता गोंड्याचा ढीग चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात, त्यावर हात, वर चेहरा, असे थर आपोआप लागतात. मागे बघा: शेजाऱ्याची निळी पिशवी आणि एक स्कूटर. एक पाऊल डावीकडे, स्कूटर त्यांच्या पाठीमागे लपली. पिशवी अजून दिसतेय. 2एक्स लावून थोडं मागे सरकलात की तीही गेली.

चेहरा मात्र निळसर दिसतोय. वर निळी ताडपत्री आहे, तिच्यातून गाळून आलेला उजेड निळा असतो. बाजारातल्या फोटोंत लोक आजारी दिसतात त्याचं हे नेहमीचं कारण. ताडपत्रीच्या कडेने बाहेरचा स्वच्छ उजेड आत येतोय, त्या बाजूला तुम्ही सरकलात की मावशी बोलायला तिकडे वळतात आणि चेहऱ्याचा रंग सुधारतो. उरलासुरला निळेपणा नंतर एडिटमध्ये वॉर्म्थ वाढवून कमी करता येतो, पण तेव्हा गोंडाही जास्त केशरी होणार, हे लक्षात असू द्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि थांबा. सुई वर ओढली, दोरा ताणला गेला, हात चेहऱ्याजवळ आला की बटण दाबा. मागून डोक्यावर टोपली घेतलेला माणूस जात असेल तर तो मावशींच्या डोक्याच्या मागे येण्याआधी किंवा पुढे गेल्यावर.

ग्रुप फोटो, कारण तो चुकवता येत नाही

सगळ्यांना एका रांगेत उभं केलं की फोटो लांबट होतो आणि माणसं मुंगीएवढी. दोन-तीन उंचींवर बसवा: आजी-आजोबा खुर्चीवर, मुलं पुढे जमिनीवर, बाकीचे मागे. वाड्याच्या किंवा देवळाच्या पायऱ्या मिळाल्या तर अर्धं काम झालंच. कडेच्या माणसांना आत ओढा. वाइड लेन्स कडेची माणसं रुंद करते, आणि कडेला नेमक्या आत्या असल्या तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. फोन छातीच्या उंचीवर, सरळ. पाय घ्यायचे तर चपलांसकट पूर्ण घ्या, नाहीतर मांडीवर कापा. गुडघा, घोटा, मनगट अशा सांध्यांवर चौकट कापली की अवयव तुटल्यासारखे दिसतात. आणि एक, दोन, तीन म्हटल्यावर एकावर न थांबता लागोपाठ तीन-चार फोटो काढा, कुणीतरी डोळे मिटलेले असतातच.

नंतरची कात्री

क्रॉप करायला लाजू नका. कार्तिए-ब्रेसाँना फोटो कापलेला आवडत नसे, पण पॅरिसमधल्या सँ-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा 1932 चा प्रसिद्ध फोटो कुंपणाच्या फटीतून काढलेला आहे आणि त्याची कड कापलेली आहे. आधी फोटो सरळ करा, मग कडेचा पसारा कापा. सरळ करताना थोडं चित्र जातं, म्हणून काढतानाच अंगाभोवती जराशी मोकळीक ठेवावी.

सरावासाठी घरातली एकच वस्तू घ्या, तांब्या, सायकल, कुंडीतली तुळस, काहीही. ती हलवायची नाही, तुम्ही हलायचं. वरून, खालून, खिडकीकडे तोंड करून, खिडकीला पाठ करून, जवळून, लांबून 2एक्सने. मग त्याच दिवशी बसून सगळे फोटो शेजारी शेजारी बघा, एक ठेवा आणि बाकीचे पुसून टाका. कोणता ठेवला यापेक्षा बाकीचे का पुसले, ते स्वतःशी शब्दांत सांगता आलं पाहिजे.

ठेवलेल्यांतले काही छापून घ्या. तेव्हा एक ध्यानात ठेवा: स्टुडिओतली नेहमीची 4 बाय 6 इंची प्रिंट 3:2 आकाराची असते आणि तुमचा फोटो 4:3 चा. आडव्या फोटोची वरखालची थोडी पट्टी छापताना कापली जाते, आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या उंच काकांचं डोकं नेमकं त्या पट्टीत असतं. त्यामुळे छपाईला द्यायच्या आधी स्वतःच 3:2 मध्ये क्रॉप करा, किंवा पांढरी कड सोडून पूर्ण फोटो छापायला सांगा.